इम्प्लांटभोवतीची हिरडी: टाळूतून घ्यावी की पाकिटातून?

दाताच्या जागी हाडात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू म्हणजे इम्प्लांट, आणि हिरडीची उणीव भरायला लावतात तो तुकडा म्हणजे ग्राफ्ट. "इम्प्लांट पक्का बसलाय, पण हिरडी पातळ आहे, ग्राफ्ट करावा लागेल." हे ऐकलं की पेशंट आधी खर्च विचारतो, मग दुखेल का ते विचारतो. मी म्हणेन, त्याआधी एक विचारा: माझ्याकडे कमी काय आहे, जाडी की पट्टा?

जाडी साधारण २ मिलिमीटरपेक्षा कमी असली की टायटॅनियमची करडी छटा बाहेर डोकावते, आणि इम्प्लांटच्या तोंडाशी हाड थोडं जास्त झिजण्याचा धोका असतो. पट्टा म्हणजे हाडाला घट्ट चिकटलेली, ओठ ओढला तरी न हलणारी हिरडी. ती नसली तर ब्रश लागताच हुळहुळतं. मग माणूस तिथं ब्रशच नेत नाही, आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

जाडीसाठी आजही सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे टाळूच्या आतल्या थरातून घेतलेला तुकडा. सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या टाळूतून तो काढतात आणि इम्प्लांटसमोरच्या हिरडीखाली सरकवून शिवतात. वरून आपलीच हिरडी राहत असल्यामुळे रंग जुळतो. म्हणून हसताना दिसणाऱ्या वरच्या पुढच्या दातासाठी माझं मत सरळ याच बाजूने आहे. त्रास कुठे? दोन जागी जखम. पेशंट नंतर तक्रार करतात ती इम्प्लांटची नाही, टाळूची. आठवडाभर गार, मऊ खाणं आणि तिखटाला सुट्टी. टाळूच पातळ असेल तर पुरेसा तुकडा मिळत नाही. अशा वेळी वरच्या शेवटच्या दाढेमागचा फुगवटा कामी येतो. तिथलं मांस घट्ट असतं आणि दुखतंही कमी, पण मिळतं थोडंच.

पट्टा हवा असेल तर टाळूची वरची कातडीसकट चकती लावतात. खालच्या दाढांजवळ ही उत्तम. पुढे मात्र लावू नये, कारण रंग फिका राहतो आणि कपड्याला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. शिवाय टाळूची जखम उघडी असते, भरायला दोन ते चार आठवडे लागतात.

आता पाकिटातला पर्याय, म्हणजे तयार कोलॅजेनचा स्पंज. टाळूला हात लावावा लागत नाही, वेळ वाचतो, दुखणंही कमी होतं. जाडी वाढते, पण टाळूच्या तुकड्याइतकी सहसा नाही, आणि सामानाचा खर्च वेगळा. स्वतःहून सांगितली जाईलच असं नाही ती गोष्ट म्हणजे हे कोलॅजेन बहुधा डुकराचं असतं, काही वेळा गाईगुरांचं. घरात कोणाला चालणार नसेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या. टाके घातल्यावर कळलं तर पंचाईत होते.

रोल पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत. हिरडीखाली झाकलेला इम्प्लांट उघडताना त्याच्यावरची टाळूकडची हिरडी वरून खरवडून ओठाच्या बाजूला आत दुमडतात, पदराचा काठ दुमडून टीप घालावी तशी. दुसरी जखम नाही. पण फक्त वरच्या जबड्यात, आणि थोडीच उणीव असेल तेव्हा. पीआरएफ, म्हणजे स्वतःच्या रक्तापासून बनवलेला पडदा, जखम भरायला मदत करतो. जाडीसाठी एकट्या त्याच्यावर मी विसंबणार नाही.

सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल, साखर ताब्यात नसेल, तर टाळूचा असो वा पाकिटातला, कोणताही ग्राफ्ट नीट न धरण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर टाळूजवळून धमनी जाते हे लक्षात ठेवून डॉक्टरांना आधीच सांगा.

राहिला मुहूर्त. इम्प्लांट बसवताना किंवा तो उघडताना ग्राफ्ट केलेला बरा. कॅप बसल्यावरही होतो, पण तेव्हा अरुंद फटीतून काम करावं लागतं आणि कधीकधी कॅप काढावी लागते. म्हणून पातळ हिरडीची शंका असेल तर "कॅप बसवू, मग बघू" या बोलण्याला लगेच मान डोलावू नका.