फ्लक्स-फ्लो ऑसिलेटर की शॉटकी गुणक साखळी?

५५० गिगाहर्ट्झच्या एसआयएस मिक्सरला (आलेला संकेत खालच्या वारंवारतेवर आणणाऱ्या अतिवाहक घटकाला) लोकल ऑसिलेटर, म्हणजे त्यासाठी लागणारा संदर्भ-लहरीचा स्रोत, कोणता द्यावा, याचा निकाल बहुधा रेषारुंदीवर, म्हणजे त्या स्रोताची वारंवारता किती पसरते यावर, लागतो.

फ्लक्स-फ्लो ऑसिलेटर म्हणजे लांब जोसेफसन जंक्शन (दोन अतिवाहकांमध्ये पातळ रोधक थर), मिक्सरच्याच चिपवर बसणारे. त्याची वारंवारता व्होल्टेज ठरवते: १ मायक्रोव्होल्टला ४८३.६ मेगाहर्ट्झ. म्हणून बायसच्या (जंक्शन चालवणाऱ्या) किंवा चुंबकीय नियंत्रणाच्या प्रवाहात जराही गोंगाट शिरला की रेषा फुगते. स्थिर संदर्भाशी लॉक नसताना ती काही मेगाहर्ट्झ रुंद असते. हे लॉक करणाऱ्या फेज-लॉक लूपची बँडविड्थ त्याहून बरीच मोठी नसेल, तर शक्तीचा मोठा भाग मूळ वारंवारतेबाहेर सांडतो आणि अरुंद वर्णरेषा पुसट होतात. निओबियमच्या जंक्शनमध्ये सुमारे ४५० गिगाहर्ट्झच्या वर स्व-जोडणीमुळे (जंक्शन स्वतःचेच प्रारण शोषते त्यामुळे) त्रास वाढतो. बायस शांत स्रोतातून द्या, तारांवर फिल्टर लावा आणि लूपची केबल आखूड ठेवा. विलंब बँडविड्थ खातो.

शॉटकी साखळी सिंथेसायझरची कमी वारंवारता शॉटकी डायोडांनी पटीत वाढवते; तिची रेषा मुळातच अरुंद. मात्र वारंवारता ३६ पट केली की फेज-गोंगाट ३१ डेसिबलने चढतो, त्यामुळे सिंथेसायझर स्वच्छच हवा. अॅम्प्लिफायरचा आयाम-गोंगाटही मिक्सरपर्यंत पोचू शकतो.

वजन आणि वीज मोजकी असेल तर फ्लक्स-फ्लो ऑसिलेटर. टेलिस या बलूनवरील उपकरणात तोच होता. जमिनीवरच्या एका पिक्सेलच्या रिसीव्हरसाठी आम्ही शॉटकीच सुचवू.