पावसाळी लाइनची झाकणं होती, लाइन नव्हती

नवीन फ्लॅट बघायला गेलं की लोक टाइल्स ठोकून बघतात, नळ सोडून बघतात. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराची जाळी उचलून आत कोणी डोकावत नाही, आणि बिल्डरला हे पक्कं ठाऊक असतं.

आमची सोसायटी पुण्याच्या दक्षिणेला टेकडीच्या पायथ्याशी आहे, २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात. चार एकरांचा प्लॉट. फ्लॅटच्या किमतीवर ‘इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस’ वेगळे घेतले, त्यात पावसाळी लाइनही धरलेली. पहिला पावसाळा निभावला, कारण वरच्या अंगाची जमीन तेव्हा मोकळी होती. पुढच्या वर्षी वर प्लॉटिंग झालं, काँक्रीटचे रस्ते आले आणि जूनमधल्या एका संध्याकाळी आमचं खालचं पार्किंग कमरेएवढं भरलं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, गाड्यांची वाट, वर तळमजल्यावरच्या संडासांतून मैलापाणी उलटं येतंय.

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला. “ढगफुटी होती साहेब, निसर्गापुढे कोणाचं चालतं?” तासाभरात १०० मिमी पडला तर ढगफुटी म्हणतात. तसं झालं असतं तर आमच्याही खालच्या अंगाला असलेली जुनी वस्ती बुडाली असती. तिथे नुसती अंगणं ओली होती.

मग आमच्या प्लंबरने पहार घालून मागच्या भिंतीजवळचं चेंबर उघडलं. चारही बाजू आतून सिमेंटने गुळगुळीत लिंपलेल्या. पाणी आत यायला पाइप, बाहेर जायला भोकच नाही. “सर, हे चेंबर नाय, हौद हाय,” एवढंच तो बोलला. गेटकडची लाइन बाहेर जात होती खरी, पण ती गुपचूप मैल्याच्या ड्रेनेज लाइनला जोडलेली. संडासांचं कोडं तिथे सुटलं.

पाइपला टेप लावली तर २२५ मिमी. मंजूर नकाशात ४५० मिमी. व्यास निम्मा म्हणजे पाणीही निम्मं जाईल असं वाटतं, पण तसं नसतं. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुंबईत ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारांच्या प्रकल्पासाठी ताशी ५० मिमी पाऊस धरला होता, तोच धरू. चार एकरांवर तासाला आठ लाख लिटर. थोडं मुरतं ते सोडलं तरी सेकंदाला पावणेदोनशे लिटर पाणी बाहेर काढावं लागतं. २०० मीटरला १ मीटर असा उतार असेल तर ४५० चा पाइप सेकंदाला साधारण २०० लिटर नेतो. २२५ चा जेमतेम ३०. नकाशा काढणाऱ्याचं गणित बरोबर होतं, खाल्लं ते पुढच्यांनी.

मागची लाइन आंधळी का ठेवली, ते ओढे-नाले दाखवणारा सरकारी गाव नकाशा काढल्यावर कळलं. ती ज्या ओढ्यात सोडायची तो राडारोडा टाकून बुजवलेला. शेजारचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “तुमची बाग हाय ना, तिथं आमी बैलं धुवायचो.” २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात काय केलं ते बघूनही ही हिंमत होते, याचं मला अजून नवल वाटतं.

इथे संपलं असतं तर एक वेळ ठीक. बिल्डरच्या माणसानेच मग एक ‘कन्सल्टंट’ गाठून दिला. त्याने पंप, पॅनेल आणि टाकी मिळून लाखांचं कोटेशन दिलं. कमिटीतल्या एका काकूंना लेटरहेडवरचं नाव ओळखीचं वाटलं. हँडओव्हरच्या फायलीत जुनी बिलं होती, त्यात तेच नाव. २२५ चे पाइप पुरणारा ठेकेदार हाच!

आता महारेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला किंवा सेवांमधला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आमची मुदत अजून संपलेली नाही. तुम्ही हँडओव्हरच्या कागदांवर सही करायच्या आधी प्रत्येक चेंबर उघडायला लावा, वरच्या चेंबरात टँकरचं पाणी सोडा आणि ते कुठून बाहेर पडतं ते तिथे उभं राहून बघा. पावसाळी लाइनचा मंजूर नकाशा आणि गाव नकाशा शेजारी ठेवा. ‘पाणी ओढ्याला सोडलंय’ असं कोणी म्हणालं, तर त्याला ओढ्यापर्यंत चालत घेऊन जा.