कंबरदुखीसाठी ऑस्टिओपॅथ की फिजिओथेरपिस्ट?

ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हाताने दाबून-ताणून सांधे-स्नायूंवर उपचार करणाऱ्याकडे, जाणारे बरेचसे लोक मध्यमवयीन, कामधंदा करणारे असतात, त्यांत बायका जरा जास्त. कंबर किंवा मान दुखत असते आणि अनेकांचं दुखणं मुरलेलं असतं. गोळ्या खाऊन झालेल्या असतात. जोडीला मोडलेली झोप, चिडचिड आणि ‘वाकलो तर पुन्हा उसण भरेल’ ही धास्ती. कुणाकडे जायचं हे ठरवताना आधी या धास्तीचा विचार करा, कारण दुखणं लांबवण्यात तिचा मोठा हात असतो.

ऑस्टिओपॅथचा भर हातांवर. तो पुढे वाकायला लावतो, कुशीला झुकवून बघतो, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवत कुठे ताठरलंय ते चाचपतो. मग दाब, ताण, कधी झटका. कुणी शांतपणे ऐकून घेतलं, दुखऱ्या जागी हात फिरवला की हलकं वाटतं, आणि तो आराम खोटा नसतो. मात्र ‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. फ्रान्समध्ये 400 रुग्णांवर झालेल्या ऑस्टिओपॅथीच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. लटक्या उपचाराच्या, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा केल्याच्या, तुलनेत खऱ्या उपचाराने रोजच्या हालचालीत पडलेला फरक अगदी थोडा होता.

फिजिओथेरपिस्टही हाताने उपचार करतात, पण त्यांचा मुख्य भर व्यायामावर. पहिले काही दिवस कंटाळा येतो, थोडं दुखतंही. पण आपण वाकू शकतो, वजन उचलू शकतो हे शरीराला स्वतः करून कळतं आणि धास्ती ओसरते. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2016 मध्ये हेच सुचवलं: कंबरदुखीत हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच.

शिक्षणाची चौकशी मात्र कराच. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले पूर्ण डॉक्टर असतात, ब्रिटनमध्ये नोंदणी सक्तीची आहे; सगळीकडे असे नियम नाहीत.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, तर दोघांकडेही न जाता थेट रुग्णालय गाठा.

एरवी जुनाट दुखण्यात मी फिजिओथेरपिस्टला पहिली पसंती देईन. आखडलेपणामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर ऑस्टिओपॅथच्या दोन-चार भेटी घ्यायला हरकत नाही. पण घरी करायला काहीच न सांगता तो नुसत्या पुढच्या तारखा देत असेल, तर तिथे जाणं थांबवा.