फोल्डिंग की टिल्ट? दादासाठी घेतलेल्या दोन खुर्च्यांबद्दल

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, 2021 साली मोटर न्यूरॉन डिसीजचं, म्हणजे स्नायूंची ताकद हळूहळू जात राहणाऱ्या आजाराचं, निदान झालं. त्यानंतर घरात दोन इलेक्ट्रिक व्हीलचेअर आल्या. आधी लिथियम बॅटरीची फोल्डिंग, आणि सव्वा वर्षाने जड सांगाड्याची, टिल्ट होणारी, म्हणजे बैठक आणि पाठ एकत्र मागे कलणारी. आजार वाढत जाणार हे माहीत असताना यातली कुठली घ्यावी, या पेचात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. वेग, रेंज, चार्जिंगचे तास पत्रकावर छापलेले असतात, ते सोडून देतो.

फोल्डिंग आधी घेतली हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. तेव्हा दादाचे पाय गेले होते, पण हात आणि कंबर बऱ्यापैकी साथ देत होते. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. 27 किलोची खुर्ची मी आणि पुतण्या मिळून गाडीच्या डिकीत टाकायचो. तिच्यामुळे दादा नाशिकला साखरपुड्याला आला, फडके रोडवर दिवाळी पहाटेला आला. निमहान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायला आम्ही विमानाने बंगळूरला गेलो, तेही तिच्याचमुळे. विमानात नेण्यासाठी काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-तासांच्या आत असावी लागते, दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी 160 च्या आत. आमची 24 व्होल्ट, 12 अँपिअर-तास, म्हणजे 288. हा गुणाकार पैसे देण्याआधी करा. आम्हाला दुकानात दाखवलेल्या दुसऱ्या एका खुर्चीची बॅटरी 20 अँपिअर-तासांची होती. जास्त लांब जाते म्हणून ती आम्ही घेणारच होतो, आणि मग विमान विसरावं लागलं असतं.

सरकारी योजनेतून मिळते का, असं बरेच जण विचारतात. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अॅडिप योजनेत अलिम्को या सरकारी कंपनीची जी मोटर लावलेली ट्रायसिकल मिळते, ती धडात आणि हातात ताकद असलेल्या माणसासाठी आहे. दादासारख्यांच्या ती उपयोगाची नाही.

आता ज्या एका त्रासाने आमचा निर्णय झाला, त्याकडे येतो. घसरणं.

निदानानंतर वर्षभरात दादाच्या धडातली ताकद कमी झाली. खुर्चीत ताठ बसवला की दहा मिनिटांत कंबर पुढे सरकायची, पाठीचा बाक व्हायचा आणि तो माकडहाडावर बसल्यासारखा होऊन जायचा. या आजारात स्नायू जातात, संवेदना सहसा जात नाही. त्यामुळे दुखायचं ते सगळं त्याला कळायचं, स्वतःहून सरकता मात्र यायचं नाही. मग हाक यायची, ‘जरा वर घे रे.’ मागून काखेत हात घालायचे, पुढून वहिनीने गुडघे धरायचे आणि वर ओढायचं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. औषधांच्या वहीत वहिनी एका कोपऱ्यात रेघा मारून ठेवायची. एका दिवसाच्या 22 रेघा मी स्वतः मोजल्या आहेत. तिची कंबर गेली. रुग्णसेवेच्या ब्यूरोकडून दादाची देखभाल करायला आलेल्या पहिल्या मावशी तीन आठवड्यांत सोडून गेल्या, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

उपाय करून पाहिले. कमरेचा पट्टा लावला, तो पोटात रुतायला लागला. गादीवाल्याकडून पुढून दोन इंच उंच असलेला फोम करून घेतला, त्याने महिनाभर बरं चाललं. मग दुकानदाराने पाठ मागे झुकणारी फोल्डिंग सुचवली. ती आठवडाभर घरी आणून पाहिली आणि त्रास वाढला. पाठ मागे गेली की माणूस पुढे सरकतो, आणि पाठ पुन्हा उभी केली की कातडी घासत ओढली जाते.

झुकणारी पाठ आणि टिल्ट यांतला फरक मला तोवर नीट कळला नव्हता. अर्धवट उघडलेलं पुस्तक हातात धरा. ते आणखी उघडलंत तर ती झुकणारी पाठ. न उघडता, आहे तसंच अख्खं मागे कललंत तर तो टिल्ट. टिल्टमध्ये बैठक आणि पाठ यांच्यातला कोन बदलत नाही, त्यामुळे कंबर जागच्या जागी राहते आणि बुडाखालचं बरंचसं वजन पाठीवर जातं. मानही आपसूक मागच्या आधाराला टेकते. पत्रकांत दोन्ही शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरलेले मी पाहिले आहेत, तेव्हा खुर्ची चालवून दाखवायला सांगा आणि तो कोन बघा.

दादा आयटीआयमध्ये टर्नरचं, म्हणजे लेथ मशीनवरचं, काम शिकवायचा. मापाशिवाय त्याचा कशावरच विश्वास नाही. टिल्टची खुर्ची पाहायला गेलो तेव्हा त्याने खडू मागितला आणि त्याला बसवल्यावर खांद्याच्या रेषेत खुर्चीच्या पाठीवर खूण करायला लावली. दर दहा मिनिटांनी बटण दाबून मागे जायचं, दोन मिनिटं थांबायचं, परत यायचं, असं चाळीस मिनिटं केलं. खांदा खुणेपासून बोटभरही हलला नव्हता. घरी येऊन फोल्डिंगवर तशीच खूण करून चाळीस मिनिटं बसवलं, तर खांदा चार बोटं खाली. याला कोणी प्रयोग म्हणणार नाही आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, हे मान्य आहे. आमच्यापुरतं मात्र त्या संध्याकाळी ठरलं.

टिल्टची खुर्ची आम्ही वापरलेली घेतली, 1,40,000 रुपयांना. फोल्डिंग नवी 85,000 ला पडली होती. ज्या कुटुंबाकडून घेतली त्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं. त्यांनी खुर्ची पुसून, नवं कुशन घालून दिली. अशा खुर्च्या घराघरांतून पुढे जात असतात, डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे शब्द टाकून ठेवा. या खुर्चीतल्या जड जेल बॅटऱ्या मात्र नव्या धरूनच हिशोब करा. 12 व्होल्टच्या दोन लागतात, आणि चार्ज न करता पडून राहिलेल्या असल्या तर त्या मेलेल्याच निघतात.

टिल्टच्या खुर्चीचे त्रासही कमी नाहीत. वजन 110 किलो. डिकीचा प्रश्नच येत नाही, बाहेरगावी जायचं तर रॅम्पवाली व्हॅन ठरवावी लागते, आणि दादाचं बाहेर जाणं त्यामुळे खरोखर कमी झालं आहे. याचं मला वाईट वाटतं. आमची लिफ्ट चार माणसांची, म्हणजे 272 किलोची. खुर्ची, दादा आणि एक माणूस मिळून 232 होतात, दुसरा माणूस जिन्याने. लिफ्टची आतली खोली 1 मीटर 10 सेंटीमीटर, खुर्ची पायाच्या पट्टीसकट 1 मीटर 8. दोन सेंटीमीटरवर आमचं निभावलं. तुमच्याकडे टेप लावून मगच बोलणी करा. इमारतीच्या पुढच्या तीन पायऱ्यांना नियमाप्रमाणे एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर साडेपाच मीटर जागा लागली असती, ती नव्हती. मागे पार्किंगच्या बाजूला 15 सेंटीमीटरची एकच पायरी आहे, तिथे फॅब्रिकेटरकडून चेकर्ड प्लेटचा, म्हणजे न घसरणाऱ्या नक्षीच्या पत्र्याचा, 1.8 मीटरचा रॅम्प करून घेतला. हॉलमधला सोफा काढला. बाथरूमच्या दोन फुटी दारातून दोन्ही खुर्च्या जात नाहीत, तिथे कमोड चेअर वेगळी लागतेच, म्हणून तो मुद्दा तुलनेत धरू नका.

जॉयस्टिकबद्दल थोडं. आमच्या फोल्डिंगमध्ये जॉयस्टिक आणि मोटर चालवणारा कंट्रोलर एकाच डबीत आहेत, त्याला दुसरं काही जोडता येत नाही. टिल्टवाल्या खुर्चीत ते वेगळे आहेत. उजवी बोटं गेली तेव्हा जॉयस्टिक डावीकडे आणली, मागे वहिनीसाठी आणखी एक लावली, पुढे हनुवटीने चालणारीही लागू शकते. वाढत्या आजारात हे फार मोलाचं आहे. नुसतं एवढंच कारण असतं तरी मी बहुधा हीच घेतली असती, पण मनापासून सांगायचं तर तेव्हा आमच्या डोक्यात फक्त घसरणं होतं.

आता वहीत दिवसाला चार-पाच रेघा असतात. दुसरा बदल मी अपेक्षिला नव्हता. फोल्डिंगच्या शेवटच्या महिन्यांत दादाने पाहुणे आले की हॉलमध्ये यायचं सोडलं होतं. चारचौघांत काखेत हात घालून ओढलं जाणं त्याला नको व्हायचं. आता तो बसलेला असतो, बोलणं अस्पष्ट झालंय तरी ऐकत असतो, आणि मध्येच डाव्या अंगठ्याने बटण दाबून मागे कलतो. कुणाला हाक मारावी लागत नाही.

तुमच्या माणसाचा आजार सावकाश वाढणारा असेल, धड मजबूत असेल, लिफ्ट नसेल किंवा महिन्यातून दोनदा प्रवास असेल, तर फोल्डिंग घ्या, आणि खुशाल घ्या. दोन वर्षं बाहेर फिरायला मिळणं लहान गोष्ट नाही. पण बसल्या बसल्या कंबर पुढे जायला लागली असेल आणि पैसे एकाच खुर्चीचे असतील, तर मी टिल्टकडे झुकेन, वापरलेली का होईना.

खुर्ची बसवून पाहायला संध्याकाळी जा. सकाळी दादा ताजातवाना असायचा आणि दुकानातल्या कुठल्याही खुर्चीत तासभर नीट बसायचा. फोल्डिंग घेताना आम्ही सकाळी अकराला गेलो होतो.