काठमांडू, पाटण की भक्तपूर: कोणता दरबार चौक निवडावा?

नेपाळच्या सहलीत काठमांडूला दोन रात्री आणि मग पोखरा, असाच बेत बहुतेकांचा असतो. त्यातला एक अर्धा दिवस पशुपतिनाथला जातो आणि उरलेल्या वेळात "दरबार स्क्वेअर करून टाकू" असं ठरतं. अडचण अशी की दरबार चौक एक नाही, तीन आहेत. मल्ल राजांच्या काळात काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही एकाच खोऱ्यातली तीन वेगळी राज्यं होती. आपल्या वाड्यासमोरचा चौक शेजाऱ्यापेक्षा सरस झालाच पाहिजे, या ईर्ष्येने तिघांनी देवळं बांधली. गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाहने 1768-69 मध्ये तिन्ही राज्यं जिंकली आणि ही चढाओढ संपली. युनेस्कोच्या यादीत हे तिन्ही चौक 1979 पासून एकत्र आहेत.

टूरवाले तिन्ही एका दिवसात उरकतात. ते मात्र करू नका. तिसऱ्या चौकात पोहोचेपर्यंत सगळी उतरती छपरं सारखीच दिसायला लागतात आणि लक्षात राहतं ते फक्त ट्रॅफिक.

माझा कौल आधीच सांगून टाकते. हातात अर्धा दिवस असेल तर पाटण. एक रात्र मुक्काम करता येत असेल तर भक्तपूर. ठमेलमध्ये, म्हणजे काठमांडूच्या हॉटेलांच्या भागात, उतरला असाल तर काठमांडूचा चौक असन आणि इंद्रचोकच्या बाजारातून चालत जाऊन बघता येतो, त्यासाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही.

काठमांडूच्या चौकाला हनुमान ढोका म्हणतात, कारण राजवाड्याच्या दाराशी 1672 मध्ये बसवलेला मारुती आहे. शेंदराचे थर इतके चढलेत की चेहरा असा उरलेलाच नाही; वर लाल वस्त्र आणि छत्री. आपल्याकडच्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. पलीकडे काळभैरवाची भलीमोठी दगडी मूर्ती आहे. तिच्यासमोर खोटं बोलणारा मरतो, अशी समजूत होती. तिन्ही चौकांत सगळ्यात जास्त राबता इथेच: कबुतरं, फुलवाल्या, कॉलेजची पोरं, मागे लागणारे गाइड. 2015 च्या भूकंपाचा मारही या चौकाला फार बसला. काष्ठमंडप तर पूर्ण कोसळला होता, तो पुन्हा उभा राहिला आहे. शेजारी गद्दी बैठक नावाची 1908 ची पांढरी, युरोपी थाटाची, राणा पंतप्रधानांच्या काळातली इमारत आहे. ती त्या लाल विटांत मला कायम उपरी वाटते, पण काहींना तीच आवडते.

इथलं खरं आकर्षण म्हणजे 1757 मध्ये बांधलेलं कुमारी घर. आतला चौक लहान, चारही बाजूंनी कोरीव लाकडी खिडक्या. जिवंत देवी मानली जाणारी मुलगी कधीतरी वरच्या खिडकीत क्षणभर येते. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवायचा, तिचा फोटो काढायला सक्त मनाई आहे. ती दिसेलच असं कोणी कबूल करत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

पाटण म्हणजे ललितपूर (साताऱ्याकडचं पाटण नव्हे), बागमती ओलांडली की लागतं. इथली मांडणी डोक्यात लगेच बसते: एका बाजूला राजवाड्याची लांब भिंत, समोर ओळीने देवळं. चौकाच्या टोकाला उभं राहिलं की सगळा पट एका नजरेत येतो. त्यात 1637 चं, सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलेलं कृष्णमंदिर वेगळं उठून दिसतं, कारण आजूबाजूला वीट आणि लाकूड असताना ते अख्खं दगडी आणि शिखरांचं आहे. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत, त्यावरच्या मजल्यावर रामायण. खाली उभं राहून मान वर करून प्रसंग ओळखत बसायला मजा येते; घरातल्या आजी-आजोबांना गाइडची गरजही पडत नाही.

पण पाटणला जायचं ते संग्रहालयासाठी. केशवनारायण चौक हा वाड्याचाच भाग ऑस्ट्रियाच्या मदतीने दुरुस्त करून 1997 मध्ये तिथे पाटण म्युझियम उघडलं. धातूच्या मूर्ती रांगेत ठेवून खाली नाव आणि शतक लिहिलं की झालं, असा कारभार इथे नाही. हात कोणत्या मुद्रेत आहे, वाहन कोणतं, हातात काय, यावरून देव किंवा बोधिसत्त्व कसा ओळखायचा ते नीट समजावून सांगितलेलं आहे. एका दालनात मूर्ती घडते कशी ते टप्प्याटप्प्याने मांडलंय: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मग भाजून मेण वितळवायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. त्याच्या शेजारी पत्रा ठोकून उठाव देण्याची रीत. हे पाहून बाहेर आलं की दारांवरची सोनेरी तोरणं वेगळ्याच नजरेने दिसतात. दालनांच्या खिडक्या चौकात उघडतात, तिथे टेकून खालची ये-जा बघत बसता येतं. मागच्या सुंदरी चौकातली तुषा हिटी, म्हणजे जमिनीत खोल उतरलेलं राजाचं कोरीव स्नानकुंड, चुकवू नका. भूकंपात इथलीही दोन मोठी देवळं पडली. ती पुन्हा बांधताना जुनं कोरीव लाकूड शक्य तितकं वापरलंय, त्यामुळे काळपट तुळईशेजारी नवी फिकट तुळई स्पष्ट कळते.

भक्तपूर काठमांडूपासून साधारण 13 किलोमीटर पूर्वेला. इथे चौक म्हणजे एक जागा नव्हे, अख्खं जुनं गाव आहे, आणि तिकीटही गावात शिरण्याचं असतं. मुख्य दरबार चौक थोडा रिकामा वाटतो, कारण 1934 च्या भूकंपात गेलेली बरीच देवळं परत उभी राहिलीच नाहीत. पंचावन्न खिडक्यांचा वाडा आणि सोनेरी दरवाजा बघून लोक तिथूनच माघारी फिरतात आणि "पाटण बरं होतं" म्हणतात. दोन मिनिटं पुढे चाललं की टौमढी चौकात न्यातपोल समोर येतं: 1702 चं, पाच छपरांचं, पाच जोत्यांवर चढवलेलं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवता अशा जोड्या आहेत. प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान मानतात. 1934 आणि 2015, दोन्ही भूकंपांतून हे देऊळ उभं राहिलं. पायऱ्या उंच आणि कठड्याविना आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या ओट्यावर बसून मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हणजे इथलं घट्ट गोड दही, खावं. अजून पुढे दत्तात्रेय चौक, पुजारी मठातलं लाकूडकामाचं संग्रहालय आणि बाहेरच्या गल्लीतली प्रसिद्ध मोराची खिडकी. कुंभारांचा चौक दुसऱ्या दिशेला. हे सगळं भर दुपारी पळत बघण्यात अर्थ नाही. संध्याकाळी टूरच्या बस गेल्या की गाव मोकळं होतं, आणि सकाळी पूजेची ताटं घेऊन निघालेल्या बायकांमागोमाग चालत गेलं तरी पुरतं. म्हणून मुक्काम म्हणते.

खर्चाचं म्हणाल तर सार्क देशांतल्या नागरिकांना तिन्हीकडे इतर परदेशी लोकांपेक्षा तिकीट बरंच स्वस्त आहे. तेव्हा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र खिशात असू द्या, नाहीतर काउंटरवर हुज्जत घालावी लागते. भक्तपूरला गावाच्या तिकिटाशिवाय संग्रहालयांचं वेगळं. पाटणला संग्रहालय चौकाच्या तिकिटातच येतं. भक्तपूरला राहणार असाल तर तिकीट घेतानाच तसं सांगा, मुदत वाढवून मिळते. भाव नेपाळी रुपयांत असतात, आपल्या 100 रुपयांचे 160 होतात.

सणाच्या दिवसांत सगळा हिशोब बदलतो. भाद्रपदात इंद्रजात्रा असेल तर काठमांडू आधी, कारण तेव्हा कुमारीचा रथ निघतो. एप्रिलच्या मध्यात बिस्केट जात्रेला, म्हणजे नेपाळी नववर्षाच्या रथोत्सवाला, भक्तपूर, पण खोली आधीच ठरवा आणि रथ ओढताना होणाऱ्या रेटारेटीत मुलांना नेऊ नका.