घरचं पवित्र शास्त्र की चर्चचं रजिस्टर? कोल्हापुरात पूर्वज शोधताना

कोल्हापूर भागातल्या ख्रिस्ती घरात वंशावळ काढायचं मनावर घेतलं की दोन वाटा दिसतात. पहिली म्हणजे आजोबा-पणजोबांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ज्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून ठेवलेले असतात. दुसरी म्हणजे मंडळीची, म्हणजे चर्चची, रजिस्टरं: बाप्तिस्मा, विवाह, दफन. रविवारची उपासना झाल्यावर मिळेल तेवढ्या वेळात हे काम करायचं, तर सुरुवात कुठून करावी, असं मला नात्यातली मुलं नेहमी विचारतात. माझं उत्तर ठाम आहे. पहिला हात घरच्या पुस्तकाला लावा, पण तारीख पक्की करायला रजिस्टर पाहिल्याशिवाय राहू नका.

घरच्या पुस्तकात काय असतं

इंग्लंड-अमेरिकेत छापलेल्या मोठ्या कौटुंबिक बायबलांत जुना आणि नवा करार यांच्या मध्ये जन्म-विवाह-मृत्यूसाठी नक्षीदार छापील पानंच असत. तिकडे या पानांना दस्तऐवजाचं मोल होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शन मागताना लग्नाचा पुरावा म्हणून बायबलातली पानं फाडून सरकारकडे दिली, आणि ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडच्या ज्या मराठी प्रती मी पाहिल्या त्यांत असं छापील पान नाही. लिहिणाऱ्याने मुखपृष्ठाच्या आत, शेवटच्या पानामागे किंवा दोन करारांमधल्या कोऱ्या जागेत लिहिलंय. म्हणून पुस्तक हातात आलं की पहिलं-शेवटचं पान बघून मिटू नका. प्रत्येक पान सावकाश उलटा.

आमच्या घरच्या प्रतीत जुन्या करारातलं मलाखी संपून नव्यातला मत्तय सुरू होतो, तिथल्या कोऱ्या पानावर पणजोबांच्या टाकाच्या ओळी आहेत. त्यातली एक अशी: ‘गुरुवार ता. 14 जुलै 1921, पहाटे कन्या झाली. नाव रूथ. पाऊस फार.’ खाली वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात: ‘प्रभूकडे गेली.’ पुढे महिना सप्टेंबर, वर्ष तेच. ही रूथ मंडळीच्या एकाही वहीत नाही. बाप्तिस्म्याआधीच ती गेली आणि दफनाच्या वहीत तेव्हाची पानं नाहीत. ते एक पान नसतं, तर आमच्या कुटुंबात ती होऊन गेली हेच कुणाला कळलं नसतं. मी घरच्या पुस्तकाची बाजू एवढी लावून धरते ती मुख्यतः अशा मुलांसाठी.

घरच्या पुस्तकाची दुसरी ताकद म्हणजे ते कुटुंबाबरोबर फिरतं. आपल्या भागात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी 1852 च्या सुमारास कोल्हापुरात काम सुरू केलं, 1870 मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आलं आणि पुढे कोडोली, मिरज, सांगली, इस्लामपूर अशी ठाणी उभी राहिली. शाळामास्तर, कंपाउंडर, नर्स, पाळक (चर्चचे धर्मगुरू), बायबल वुमन (घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायका) अशी कामं करणारी माणसं या ठाण्यांवरून त्या ठाण्यावर बदलून जात. एका भावाचा बाप्तिस्मा कोडोलीत, दुसऱ्याचा मिरजेत, बहिणीचं लग्न कोल्हापुरात, असं सहज होई. त्यांच्या नोंदी तीन गावांच्या तीन वह्यांत पडल्या. घरच्या पुस्तकात मात्र त्या एकाच पानावर, एकाखाली एक सापडतात, आणि पुढे कुठल्या गावी जाऊन विचारायचं तेही त्या पानावरूनच कळतं.

पण त्यावर विश्वास किती ठेवायचा

घरचं आहे म्हणून डोळे झाकून खरं मानू नका. आधी शीर्षकपानावरचं छपाईचं वर्ष पाहा. पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमधून 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. समजा त्या प्रतीत 1896 चा जन्म लिहिला असेल, तर ती नोंद निदान अठ्ठावीस वर्षांनी, आठवणीतून किंवा जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेली आहे. ती खोटीच असेल असं नाही, पण तिचं वजन कमी धरायचं.

मग शाई आणि अक्षर पाहा. दहा नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात, सरळ रेषेत असतील तर कुणीतरी एका बैठकीत बसून लिहिल्यात. उलट प्रत्येक ओळीची शाई वेगळी, एखादी ओळ समासात कोंबलेली, मध्येच हस्ताक्षर बदललेलं, असं पान दिसलं तर खूश व्हा. घटना घडेल तशी नोंद होत गेल्याची ही खूण आहे. तारखेसोबत वार असेल तर तो जुन्या कॅलेंडरशी ताडून पाहा. 14 जुलै 1921 ला खरोखर गुरुवारच होता, म्हणून रूथची ओळ त्याच दिवसांत लिहिली असावी असं मी धरते. वर्षांनंतर आठवून लिहिताना वार सहसा चुकतो.

शक वर्ष दिसलं तर इसवी सन काढायला बहुतेक महिन्यांसाठी 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांसाठी 79. अक्षर मोडी असेल तर घाबरून जाऊ नका. छापील मजकूर बालबोध आणि हाताची नोंद मोडीत, अशी प्रत त्या पिढीत नवलाची नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि नावं-तारखा लावण्यापुरती मोडी थोड्या सरावाने जमते.

आणि हे पुस्तक घरात कुणाकडून आलं ते विचारायला विसरू नका. आजीने माहेरहून आणलेलं असेल तर त्यातली नावं तिच्या माहेरची आहेत, आणि तुम्ही ती वडिलांच्या बाजूला लावून बसाल.

रजिस्टरची बाजू

रजिस्टरमधली नोंद घरच्यांनी नाही, पाळकांनी केलेली असते, बहुधा त्याच दिवशी. रकाने ठरलेले असतात, त्यामुळे मन लावून लिहिलं नसलं तरी काही गोष्टी येतातच. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात लग्नाची नोंद असेल तर दोघांचं वय, आधी लग्न झालेलं होतं की नाही, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावं मिळतात, खाली साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे. वधूच्या वडिलांचं नाव मिळालं की आजीचं माहेर उघडतं. घरच्या पुस्तकात अनेकदा फक्त सासरचं नाव असतं, आणि कधी लग्नात बदललेलं. तेव्हा बायकांच्या बाजूची साखळी जोडायची असेल तर लग्नाच्या रजिस्टरला पर्याय नाही. त्यातही आईच्या नावाला रकाना नाही. तिथे परत घरच्या पानाकडेच यावं लागतं.

आजरा-गडहिंग्लज-चंदगडकडच्या कॅथलिक कुटुंबांना मात्र मी उलटा सल्ला देईन. त्यांनी आधी चर्चमध्ये जावं. कॅथलिक घरांत बायबलात नोंदी करण्याची रीत फारशी नव्हती, आणि त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वहीत एक मोठी सोय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नियमाप्रमाणे एखाद्याचं लग्न पुढे दुसऱ्या गावी झालं तरी ते जिथे झालं त्या चर्चने बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि मूळ नोंदीच्या समासात ते लिहायचं. म्हणजे एका ओळीपाशी जन्म, आईवडील, धर्ममातापिता आणि लग्न, सगळं हाताशी येतं. नोंद लॅटिनमध्ये असली तरी नावं वाचता येतात आणि ठरावीक शब्द लवकर ओळखीचे होतात.

रजिस्टरची अडचण म्हणजे ती तुमच्या हातात नसतात. पाळकांची वेळ घ्यावी लागते, कपाटाची किल्ली कुणाकडे ते शोधावं लागतं. ‘आमच्या आजोबांचं काहीतरी बघायचंय’ असं मोघम बोललात तर कुणीही कंटाळेल. नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे वर्ष कागदावर लिहून न्या. ही तिन्ही तुम्हाला घरच्या पुस्तकातूनच मिळतात, आणि घरच्या पुस्तकापासून सुरुवात करा असं मी म्हणते त्याचं हे साधं, व्यावहारिक कारण.

मंडळीच्या वह्या हरवल्या असतील तर प्रेस्बिटेरियन मिशनची पत्रं आणि अहवाल फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. पूर्वज मिशनच्या नोकरीत असला तरच त्यात उल्लेखाची आशा. शेतकरी कुटुंबाने तिकडे वेळ घालवू नये.

दोन्ही जिथे थांबतात

पवित्र शास्त्र काय आणि रजिस्टर काय, दोन्ही कुटुंब ख्रिस्ती झालं तिथून सुरू होतात. त्याआधीच्या पिढ्यांसाठी कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात आपल्याकडे हेळवी आहेत. दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारी आणि त्या वह्यांत लिहून ठेवणारी ही परंपरा अजून टिकून आहे. हेळवी ठरावीक जातींच्या, ठरावीक गावांतल्या घरांकडेच जातात. तुमच्या दारात येणं धर्मांतरानंतर थांबलं असेल, पण मूळ गावातल्या भावकीकडे ते येत असतील तर त्यांना गाठा. पणजोबांच्या वडिलांचं नाव पवित्र शास्त्रातून घ्या आणि तेच हेळव्याच्या म्हणण्यात येतं का ते ऐका. जुळलं तर पुढच्या पिढ्या एकदम खुल्या होतात. मात्र हेळव्याच्या वंशावळीत भर पुरुषांच्या नावांवर असतो, आणि तारखांची अपेक्षा तिथे ठेवू नका.

दफनभूमीतला दगड आणि शाळेचा दाखला जोडीला आहेतच. दगडावरची मृत्यूची तारीख सहसा बरोबर असते. दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली समजा आणि पुढे चला.

कागदोपत्री उपयोग

वारसाच्या कामासाठी वंशावळ हवी असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 32 मध्ये मयत व्यक्तीने वाद उभा राहण्याआधी घराण्याच्या वंशावळीत किंवा थडग्याच्या दगडावर केलेलं नात्याचं विधान ग्राह्य धरलेलं आहे. मयत वडिलांनी टिपणवहीत मुलीच्या लग्नाची तारीख लिहिल्याचं उदाहरण तर त्या कायद्यातच दिलंय. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हा भाग कलम 26 मध्ये आहे. म्हणजे पणजोबांचं पान कोर्टातही अगदीच निरुपयोगी नाही. तरी विवाहाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा हातात असेल तर काम सोपं होतं. एवढ्याच कारणासाठी शोध घेत असाल, तर माझा क्रम उलटा करा आणि आधी चर्चमध्ये जा.

वेळ कमीच असेल तर

घरच्या पुस्तकाला मी पहिली पसंती देते त्यामागे घाईचंही कारण आहे. रजिस्टर पुढच्या वर्षीही कपाटात असण्याची शक्यता बरीच आहे. घरच्या पुस्तकाचं तसं सांगता येत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेने किती घरांतली कपाटं भिजवली ते आपण पाहिलंय. त्यात भर म्हणजे वाटणीत पुस्तक एका भावाकडे जातं, घर बदलताना कुणीतरी ते रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवतं.

म्हणून याच आठवड्यात फोटो काढा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. नोंदीच्या पानांबरोबर शीर्षकपान आणि बांधणीही घ्या. शाई फिकी पडली असेल तर उजेड बाजूने तिरका येऊ द्या, टाकाचे चरे उठून दिसतात. पान फाटलेलं असेल तरी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवा. मग ते फोटो घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आत्याला किंवा मावशीला दाखवा, प्रत्येक नावाला ‘ही कोण?’ विचारा आणि ती सांगेल ते वेगळ्या कागदावर, तिच्या नावासह आणि आजच्या तारखेसह लिहून घ्या. चर्चमध्ये जाताना तोच कागद बरोबर न्यायचा.