पंचेचाळीसच्या पिस्तुलातील फायरिंग पिन: सिरीज ७० आणि सिरीज ८०
पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर होणाऱ्या सेंटर फायर स्पर्धांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ९.६५ मिलिमीटरपेक्षा मोठे कॅलिबर (गोळीचा व्यास) चालत नाही, त्यामुळे .४५ एसीपी काडतूस (०.४५ इंच, म्हणजे सुमारे ११.४ मिलिमीटर) आणि त्याचे कोल्ट १९११ पिस्तूल येथील नेमबाजांच्या बोलण्यात येते ते बहुधा यंत्ररचनेच्या कुतूहलापोटीच.

या पिस्तुलाच्या सिरीज ७० या जुन्या आवृत्तीत फायरिंग पिन (काडतुसाला ठोकून बार उडवणारी सळई) आपल्या पोकळीपेक्षा आखूड असते, म्हणून हॅमर (पिनवर आपटणारा घोडा) पुढे टेकलेला असतानाही तिचे टोक प्रायमरला (काडतुसाच्या बुडातील स्फोटक टोपीला) लागत नाही. मात्र भरलेले पिस्तूल नळीच्या तोंडावर जोरात आपटल्यास पिन स्वतःच्या जडत्वाने पुढे जाऊन बार उडण्याची शक्यता उरते. १९८३ मध्ये आलेल्या सिरीज ८० ने स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात) पिन अडवणारा एक लहानसा अडसर बसवला, जो ट्रिगर दाबल्यावरच तरफांच्या साहाय्याने वर उचलला जातो. या जादा भागांमुळे ट्रिगर जड लागतो, ही तक्रार अगदीच खोटी नाही, पण कसबी कारागीर ती बरीचशी दूर करतो.

टायटॅनियमची हलकी पिन आणि ताठ स्प्रिंग वापरून सिरीज ७० मधील धोका पुष्कळ कमी करता येतो. तेवढे केल्यास केवळ लक्ष्यवेधासाठी मी सिरीज ७० पसंत करेन. भरलेले पिस्तूल कमरेला बाळगायचे असेल, तर सिरीज ८०.